डोकं वाढवणारं पाणी

सामगोकच्या बाजारात त्या दिवशी कोबी-मुळ्याच्या ढिगांकडे कुणी फिरकत नव्हतं. हिवाळ्यासाठी किमची, म्हणजे कोबी-मुळ्याचं तिखट लोणचं, घालायचे दिवस होते. एरवी बायका एकेका गड्ड्यावरून हमरीतुमरीवर आल्या असत्या. पण सगळी गर्दी बाजाराच्या टोकाला, रेशीमकोषांच्या रिकाम्या गोदामात दाटली होती. आत जाणारी प्रत्येक बाई आपल्या पोराला दंडाला धरून पुढे ढकलत होती, आणि बाहेर पडणारी प्रत्येक बाई पोराच्या टाळूकडे असं बघत होती, जणू तिथून आता काहीतरी उगवणार आहे.

आत एका चौथऱ्यावर थाक गुरू उभा होता. अंगात पांढरा पायघोळ अंगरखा, डोक्यावर घोड्याच्या केसांची काळी उंच टोपी, आणि पायांत मात्र चकचकीत विलायती बूट. त्याच्यासमोर तिवईवर गिरणीवाल्याचा मुलगा दोसू बसला होता. त्याच्या कपाळाभोवती गुरूनं तांबडी दोरी गुंडाळली, दोन्ही टोकं बरोबर जुळतील अशी कात्रीनं कापली, आणि दोरी हातात उंच धरून सगळ्यांना दाखवली.

"डोळे उघडे ठेवून बघा, बायांनो. इथे मंत्र नाही, तंत्र नाही, कोंबडं कापणं नाही. इथे विज्ञान आहे. हे या पोराचं आजचं डोकं. आता हे पोर पिणार मेंदूचं पाणी. आणि दोरीही तेच पाणी पिणार. का? नाहीतर उद्या कुणी म्हणेल, गुरूनं एकाला दिलं आणि एकाला नाही दिलं. माझ्याकडे अन्याय चालत नाही."

बायका हसल्या. दोसू वाटीभर पाणी तोंड वाकडं करून प्यायला. तांबडी दोरी पितळी वाडग्यात बुडाली. मग गुरूनं डोळे मिटून इतका लांबलचक जप केला, की पुढची म्हातारी पेंगायला लागली. शेवटी त्यानं दोरी बाहेर काढून पुन्हा दोसूच्या कपाळाला लावली. टोकं जुळेनात. मधे अंगठा बसेल एवढी फट राहिली.

गोदामभर एक हुंकार फिरला. गिरणीवाल्याच्या बायकोनं तोंडाला बाहीचं टोक लावलं. कुणीतरी बोट पुढे करून फटीत घालून बघितलं, आणि बोट भाजल्यासारखं मागे घेतलं.

"वाढलं की नाही?" गुरूनं विचारलं.

"वाढलं," सगळ्या म्हणाल्या.

त्यानं ती दोरी शेजारच्या शेगडीत टाकली. चरचर आवाज झाला, धूर निघाला. "जुनं डोकं जळालं. आता हे पोर नव्या डोक्याचं."

गर्दीच्या अगदी मागे, दाराच्या खांबाला टेकून, प्यो इनसुक उभी होती. ती सामगोकच्या शाळेत सहावीला शिकवायची. त्या काळी सहावीनंतर पुढच्या शाळेत जायलाच परीक्षा द्यावी लागे, आणि ती परीक्षा आता तोंडावर आली होती. तिच्या वर्गातली निम्मी मुलं दोन आठवड्यांपासून पहिल्याच तासाला डुलक्या घेत होती. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. विचारलं की एकच उत्तर, 'काही नाही, बाई.' शेवटी एकीनं गोदामाचं नाव घेतलं, म्हणून ती इथे आली होती.

मुलांचं काय चाललंय हे तिला पुढच्याच वाक्यात कळलं.

"आता नीट ऐका," गुरू म्हणाला आणि वेताच्या छडीनं मागच्या भिंतीकडे वळला. "डोकं वाढवणं हे अर्धं काम. हत्तीचं डोकं काय लहान असतं? मग हत्ती परीक्षा का देत नाही? कारण मेंदू मोजायचा तो अंगाच्या मानानं. हत्तीच्या अंगात मेंदू किती? हजारात एक भाग. बैलाच्या? हजारात एक. देवमाशाच्या तर विचारूच नका. आणि माणसाच्या? चाळिसात एक. म्हणून माणूस राजा. हे मी नाही सांगत. हे तुमच्या शाळेत शिकवतात."

भिंतीवर इनसुकचा तक्ता टांगलेला होता. तिनं स्वतःच्या हातानं काढलेला हत्ती, बैल, देवमासा, आणि सगळ्यात वर सरळ उभा राहिलेला माणूस. खाली कोपऱ्यात तिचं नाव.

"तर मग भागाकार करा," गुरू म्हणाला. "वरचं वाढवा, खालचं घटवा. पाणी पिऊन मेंदू वाढवा, भात सोडून अंग हलकं करा. चाळिसाचे पस्तीस झाले, पस्तिसाचे तीस झाले, की पोर पहिल्या नंबरात. परीक्षेपर्यंत अर्धी वाटी. रडलं तर रडू द्या. जड अंगात मेंदू बुडतो, हे लक्षात ठेवा."

इनसुक खांबापासून पुढे झाली. तिनं तोंड उघडलं. पुढच्या रांगेत मुख्याध्यापकांची बायको आपल्या धाकट्याला घेऊन बसली होती. तिनं मागे वळून इनसुकला पाहिलं आणि ओळखीचं हसून मान डोलावली. इनसुकनं तोंड मिटलं, मानेनंच नमस्कार केला, आणि ती दारातून बाहेर पडली.

घरी जाताना ती स्वतःला सांगत राहिली, की एवढ्या लोकांत एकटी बाई काय बोलणार. पण खरं कारण तिला ठाऊक होतं. तो तक्ता गुरूनं चोरला नव्हता. तिनंच दिला होता.

सप्टेंबरात शाळातपासनीस यायचे होते. 'माणूस सर्व प्राण्यांत बुद्धिमान का' हा पाठ तिनं घ्यायचा ठरवला. शहरातून आणलेल्या जाड पुस्तकात प्राण्यांच्या मेंदूंची वजनं होती. ती वाचताना तिला दिसलं, की उंदराचा मेंदूही त्याच्या अंगाच्या चाळिसात एकच्या आसपास भरतो. चिमणीचा तर माणसापेक्षा जास्त, पंचवीस भागांत एक. म्हणजे नुसता भागाकार केला तर उंदीर माणसाच्या शेजारी बसतो आणि चिमणी दोघांच्या डोक्यावर. ती थोडा वेळ पेन्सिल हातात धरून बसली होती. मग तिनं उंदीर आणि चिमणी गाळली. पाठ कसा नीटनेटका हवा. तपासनीस खूश झाले. म्हणाले, अशा शिक्षिका खेड्यात असायला हव्यात.

त्यानंतर आठवड्याभरात थाक गुरू शाळेत आला होता, कोट घालून, हातात पेरूच्या आकाराची नाशपाती घेऊन. मुलांच्या आरोग्यावर व्याख्यान द्यायचंय, म्हणाला. तक्ता बघून म्हणाला, "बाई, हे तुम्ही काढलंत? राजधानीतसुद्धा असं बघितलं नाही." आणि तिनं तो गुंडाळून, सुतळीनं बांधून त्याच्या हातात दिला होता.

पुढच्या सोमवारी तिसऱ्या तासाला ओकबुन फळ्यासमोर उदाहरण सोडवत होती. मेंग ओकबुन म्हणजे टोफू, सोयाबीनचं पनीर, विकणाऱ्या बाईंची मुलगी, वर्गात सगळ्यात अबोल आणि सगळ्यात कष्टाळू. ती खडू हातात धरून थांबली. भिंतीला हात लावायला गेली, आणि हात भिंतीपर्यंत पोचायच्या आत खाली कोसळली.

इनसुकनं तिला पाठीवर घेतलं. बारा वर्षांची मुलगी इतकी हलकी असू शकते हे तिला माहीत नव्हतं. दवाखान्यापर्यंतच्या चढावर तिला एकदाही दम लागला नाही, आणि तेच तिला सहन होईना.

म्हाताऱ्या डॉक्टर मिन यांनी मुलीच्या पापण्या उघडून बघितल्या, पोटावर हात ठेवला, नाडी बघितली.

"काय झालंय?" इनसुकनं विचारलं.

"आजार म्हणाल तर काही नाही. भूक आहे." त्यांनी हात धुतले. "मी या गावात भूक बघितलीय, बाई. लढाईच्या साली. तेव्हा घरात दाणा नव्हता. हिच्या आईच्या दुकानात सकाळ-संध्याकाळ टोफूची भांडी भरलेली असतात, आणि ही अशी. अजून दोन आठवडे असेच गेले असते, तर हिला इथे आणायची वेळच आली नसती. हिच्या आईचं सांत्वन करायला मीच गेलो असतो."

ओकबुन शुद्धीवर आली तेव्हा आधी तिनं दाराकडे बघितलं, आई आहे का म्हणून. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, आईला सांगू नका. मी रताळं खाल्लं. शेजारच्यांच्या चुलीत भाजत ठेवलेलं. चोरून."

"बरं केलंस."

"नाही ना. म्हणून तर माझं होत नाहीये. डोकं वाढलं, दोरीवर दिसलं सगळ्यांना. पण मला पाढे आठवत नाहीत. गुरूंनी सांगितलं, अंग जड आहे म्हणून. मी रताळं खाल्लं नसतं तर आठवले असते. तुम्ही एवढं शिकवलंत आणि मी चोरून खाल्लं."

मुलगी रडायला लागली. इनसुकनं तिचा हात धरला.  चूक कुणाची, आणि माफी कोण मागतंय.

ओकबुनची आई धावत आली, हातांना अजून सोयाबीनचा फेस लागलेला. डॉक्टरांचं बोलणं तिनं उभ्यानंच ऐकलं. मग ती इनसुककडे वळली. आवाज चढवला नाही.

"बाई, मी अडाणी असले तरी असल्या टोपीवाल्यांवर विश्वास ठेवत नाही. हिचे वडील गेले तेव्हा कितीजण आले, भूत काढतो म्हणून. एकालाही उंबऱ्याच्या आत घेतलं नाही मी. गुरूवर नाही ठेवला विश्वास. तक्त्यावर ठेवला. खाली तुमचं नाव होतं."

इनसुकनं मान खाली घातली.

"माझ्या हातानं मी हिची वाटी अर्धी करत होते," आई म्हणाली. "ती म्हणायची, आई, अजून काढ. मी अजून काढायचे."

 त्या दिवसापासून इनसुकला रात्री, खालून तापवलेल्या फरशीवर अंथरुणात पडलं तरी पाठीवरचं ते हलकं ओझं जाणवायचं. मुख्याध्यापकांकडे जाऊन तिनं सांगून बघितलं. ते म्हणाले, परीक्षा होईपर्यंत कुणाला दुखवू नका, आणि तक्ता शाळेचा आहे हे तर मुळीच बोलू नका. गावात सांगावं तर लोक म्हणणार, डोकं वाढताना आम्ही डोळ्यांनी पाहिलं. त्या डोळ्यांना काय उत्तर द्यायचं? तिनंही पाहिलं होतं. फट खरी होती.

गुरुवारी सकाळपासून बारीक भुरभुर चालू होती. ती ज्यांच्याकडे भाड्यानं राहायची त्या काकू अंगणात किमचीच्या रांजणाशी बसून कपडे वाळत घालायच्या दोरीवर चरफडत होत्या.

"काल एवढी सैल बांधली होती. आता बघा, तारेसारखी ताठ. ओली झाली की आखडते मेली. खुंटी उपटून काढेल एखाद्या दिवशी."

इनसुक शाळेला निघाली होती. फाटकापर्यंत गेली आणि परत आली. दोरीला हात लावला. तागाची, घट्ट पिळाची दोरी. गुरूची दोरीही तशीच होती, फक्त तांबडी रंगवलेली. आणि काम झालं रे झालं की तो ती लगेच शेगडीत टाकायचा. एकाही आईला ती घरी नेऊ दिली नव्हती. घरी नेली असती तर वाळली असती.

"काकू, रांजणात दाबायला ठेवायचा दगड देता का थोडा वेळ?"

"शाळेत न्यायला? काय, दगडांना शिकवणार आहात आता?"

पोराच्या डोक्याएवढा गोल, गुळगुळीत दगड होता. दुपारी शाळा सुटल्यावर इनसुकनं दुकानातून आणलेली तागाची दोरी त्याच्याभोवती गुंडाळली, टोकं जुळवून कापली, आणि पाण्याच्या घमेल्यात टाकली. मग काकूंबरोबर कोबीची पानं मिठात चोळत बसली. दोरी काढून पुन्हा लावली तेव्हा टोकांमधे फट होती. अंगठा बसेल एवढी.

काकूंनी दगडाकडे बघितलं, दोरीकडे बघितलं. "म्हणजे माझ्या दगडाला अक्कल आली म्हणायची."

इनसुकला हसू आलं नाही. इतकी साधी गोष्ट, आणि मी त्या दिवशी खांबाला टेकून उभी राहिले. तेव्हाच पुढे जाऊन दोरी हातात घेतली असती तर ओकबुन फळ्यासमोर पडली नसती. हा हिशेब ती कितीदा करत होती कुणास ठाऊक.

संध्याकाळी ती टोफूच्या दुकानात गेली आणि ओकबुनच्या आईला सगळं सांगितलं. दोरीचंही, आणि गाळलेल्या उंदराचंही. आई टोफू कापत होती. सुरी थांबली नाही.

"परवा बाजार आहे. तुम्ही माझ्याबरोबर यायला हवं," इनसुक म्हणाली.

"मी कशाला? तुम्ही शिकलेल्या. तुम्ही बोला."

"शिकलेलीवर विश्वास ठेवून काय झालं ते तुम्ही बघितलंत. माझ्यावर कुणी विश्वास ठेवू नये असंच मला वाटतं. दोरी तुमच्या हातात राहील. लोक तुमच्या हाताकडे बघतील."

बाजाराच्या दिवशी गोदाम आधीपेक्षा जास्त भरलं होतं. परीक्षा आठवड्यावर आली होती. गुरूनं एका मुलीला तिवईवर बसवलं, एवढ्यात मागून ओकबुनची आई वाट काढत पुढे आली. तिच्यामागून कापडात गुंडाळलेला दगड पोटाशी धरून इनसुक.

"या, या," गुरू म्हणाला. "तुमच्या मुलीची तब्येत बिघडली असं कळलं. मी सांगितलं होतं, चोरून खाल्लेलं अन्न मेंदूला चढतं."

"माझ्या मुलीचं राहू द्या," आई म्हणाली. "याचं डोकं मोजा."

इनसुकनं दगड तिवईवर ठेवला. मागून कुणीतरी हसलं. गुरूनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं.

"दगडाला मेंदू नसतो, बाई. तुम्ही तर शिकवता."

"म्हणूनच आणला," इनसुक म्हणाली. "मेंदू नाही, म्हणजे वाढायलाही नको. नाही वाढला, तर तुमचं पाणी खरं. मी सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडेन."

लोकांना हे पटलं. "मोजा की, गुरू," गिरणीवाला म्हणाला. "तुमचं काय जातंय?"

गुरूनं दोरीची गुंडाळी काढली, पण हात पुढे करेना. तेव्हा ओकबुनच्या आईनं ती त्याच्या हातातून घेतली. तिनंच ती दगडाभोवती गुंडाळली, टोकं जुळवून कापली. मग त्याच मापाचा दुसरा तुकडा कापला. दोन्ही तुकडे शेजारी धरून सगळ्यांना दाखवले. एक तिनं गुरूच्या पितळी वाडग्यात टाकला. दुसरा स्वतःच्या मुठीत घट्ट धरला.

"आता जप करा," ती म्हणाली. "नेहमीसारखा लांब."

गुरूनं जप केला. आज तो फारच लवकर संपला. पण बायका म्हणाल्या, एवढ्यात नाही, पोरांच्या वेळी जास्त वेळ असतो. कुणाला घाई नव्हती. शेवटी ओली दोरी दगडाला लावली गेली. टोकं जुळली नाहीत. मधे अंगठा बसेल एवढी फट.

पुढच्या बायका फट बघायला वाकल्या. गुरूनं हसून दोन्ही हात पसरले.

"बघा. माझ्या पाण्याचा गुण बघा. दगडसुद्धा वाढला. मग तुमच्या पोरांचं काय होईल विचार करा."

दोन-चार बायकांनी खरंच माना डोलावल्या. इनसुकला क्षणभर वाटलं, संपलं. पण ओकबुनच्या आईनं मूठ उघडली आणि दुसरा, कोरडा तुकडा त्याच दगडाभोवती, ओल्याच्या शेजारी गुंडाळला. टोकाला टोक तंतोतंत भिडलं.

"दगड वाढला असता, तर हीसुद्धा कमी पडली असती," ती म्हणाली. "दगड आहे तेवढाच आहे. दोरी आखडली."

मग ती बाजूला झाली आणि गिरणीवाल्याच्या बायकोला म्हणाली, "तुम्ही या. तुमच्या हातानं करा." गिरणीवालीनं केलं. मग आणखी एकीनं. एकीनं दोरीची टोकं ओढून, नखानं दाबून बघितलं. एक म्हातारा म्हणाला, "पावसात शाकारणीची दोरी अशीच आवळते. जन्मभर बघतोय, आणि इथे डोळे कुठे गेले होते माझे."

"शेगडी कशाला ठेवलीय, तेही कळलं का?" इनसुकनं विचारलं. "दोरी घरी नेली असती तर रात्रीतून वाळली असती. सकाळी तुम्ही पुन्हा मापली असती, आणि पोराचं डोकं जुनंच निघालं असतं."

गुरू काहीतरी म्हणत होता, ग्रह, श्रद्धा, अपमान असं. पण आता कुणाचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. लोक दगडाभोवती जमले होते. इनसुकला तिथेच थांबता आलं असतं. तिनं चौथऱ्यावर चढून भिंतीवरचा तक्ता काढला.

"हा माझा आहे," ती म्हणाली.  "गुरूचं पाणी खोटं होतं, तसा हा तक्ताही अर्धा खोटा आहे. यात मी उंदीर काढला नाही. उंदराचा मेंदू अंगाच्या मानानं माणसाएवढाच असतो. चिमणीचा त्याहून मोठा. मला हे माहीत होतं. पाठ बिघडेल म्हणून मी ते गाळलं."

"माहीत होतं?" मुख्याध्यापकांच्या बायकोनं विचारलं.

"हो."

"आणि तुम्ही इथे आलाही होतात. मी बघितलं होतं तुम्हाला."

"हो. आणि गप्प बसून गेले."

कुणीतरी मागून शिवी दिली. ती तिनं ऐकली आणि पुढे बोलत राहिली.

"मोठ्या अंगाच्या प्राण्यात मेंदूचा वाटा लहान दिसतो, लहान अंगाच्या प्राण्यात मोठा दिसतो. एवढ्यावरून अक्कल ठरत नाही. तुलना करायची तर सारख्या अंगाची करा. माणसाच्या वजनाचं डुक्कर घ्या. त्याच्या कितीतरी पट मेंदू माणसाला असतो. ते खरं मोठेपण. आणि तेही माणूस आणि डुक्कर यांच्यातलं. तुमच्या पोरात आणि शेजाऱ्याच्या पोरात दोरीनं मोजण्यासारखं त्यात काही नाही. तान्ह्या बाळाचा मेंदू अंगाच्या दहा भागांत एक असतो. भागाकारच खरा असता, तर बाळांनाच परीक्षेला बसवलं असतं, आणि आपण सगळे जेवून जेवून मूर्ख झालो असतो."

थोडे लोक हसले. ती हसली नाही.

"ओकबुनचा भागाकार सुधारला होता. अंग घटलं, म्हणजे आकडा वाढला. पण मेंदू कणभरही वाढला नाही. उपाशी मेंदूला पाढे आठवत नव्हते. बारा वर्षांच्या मुलीनं एक रताळं खाल्लं म्हणून माझी माफी मागितली." तिनं तक्त्याची गुंडाळी केली. "मी तुम्हाला एवढंच सांगते. आज घरी जाऊन पोरांना पोटभर जेवायला घाला. आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवला, तर म्हणा, मला माझ्या हातानं करून बघू द्या. तो माणूस टोपी घातलेला असो नाहीतर शाळेत शिकवणारा असो. ज्याचं खरं आहे तो हात लावू देईल. मीसुद्धा वर्गात काही सांगितलं, तर मलाही विचारा, यात काय गाळलंत."

थाक गुरू दुपारच्या बसनं गेला. त्याला कुणी मारलं नाही. त्याचं पितळी वाडगं मात्र एका बाईनं ठेवून घेतलं, आणि त्यावरून नंतर बरीच भांडणं झाली. त्यानंतर तो पलीकडच्या खोऱ्यातल्या बाजारात दिसला, असं ऐकलं. मुख्याध्यापकांनी इनसुकला बोलावून बरंच काही सुनावलं, आणि वसंतात तिची बदली पहिलीवर केली. तिनं ती स्वीकारली. काही आया तिच्याशी अजूनही बोलत नव्हत्या. तेही तिला बरोबर वाटत होतं.

परीक्षेच्या दिवशी गावातली मुलं खांद्याला खांदा लावून, परीक्षेला शुभ मानतात त्या चिकट गुळाच्या वड्या चघळत, ट्रकमध्ये बसून तालुक्याला गेली. ओकबुन गेली नाही. डॉक्टरांनी तिला महिनाभर उठायचं नाही असं सांगितलं होतं. वर्ष वाया गेलं.

इनसुक दुकानात गेली तेव्हा ओकबुन मागच्या खोलीत, गोधडीत पाय घालून, ऊन ऊन मऊ टोफू खात होती. हळूहळू, प्रत्येक घासाला आईकडे बघत, अजून खाऊ का अशा नजरेनं. आई दर वेळी मान हलवून हो म्हणत होती.

"बाई," मुलगी म्हणाली, "पुढच्या वर्षी मी पास होईन का?"

पूर्वीच्या इनसुकनं 'नक्की' म्हटलं असतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तू जेव, आणि आपण अभ्यास करू. मग कळेल."

ती निघाली तशी आई दारापर्यंत आली. हात पुसत ती म्हणाली,

"माफ केलं असं मी म्हणणार नाही, बाई. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही."

"म्हणू नका."

"पण रोज येत जा. हिचं गणित फार मागे पडलंय."